जुनी डिझेल पिकअप: इंधन आणि इंजिनाच्या तक्रारींवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं गॅरेज जालना जिल्ह्यात, मोसंबी आणि कापसाच्या पट्ट्यात आहे. दारात येणाऱ्या गाड्या म्हणजे जुन्या बोलेरो पिकअप, टाटा २०७ आणि छोटे हत्ती, म्हणजे टाटा एस. पावसाळा संपता संपता मोसंबी, दिवाळीनंतर कापूस, आणि मार्च लागला की मागच्या हौद्यात पाण्याची टाकी. फोनवर तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. जिथे वेगळं सांगितलेलं नाही तिथे यांत्रिक पंपाची, म्हणजे कॉम्प्युटर नसलेली गाडी समजावी.

रात्री चांगली उभी केली होती. सकाळी सेल मारून मारून बॅटरी बसली, तरी चालू होईना. पंप गेला का?

पंपाचं नाव सगळ्यात शेवटी घ्यायचं. डिझेल टाकीतून निघतं, फिल्टरमधून जातं, मग पंपात आणि तिथून सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या नोझलपर्यंत पोचतं. तपासायचंही त्याच क्रमाने. फिल्टर काही शे रुपयांत येतो, पंप उघडला की बिल हजारांत जातं. तरी लोक आधी पंपच खोलतात.

पहिली गोष्ट, सेल मारताना एकाला सायलेन्सरपाशी उभं करा. थोडासुद्धा धूर येत नसेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतच नाही: एअर धरली असेल, म्हणजे नळीत हवा शिरली असेल, फिल्टर तुंबला असेल किंवा डिझेल बंद करणारा सोलेनॉइड उघडत नसेल. चावी फिरवल्यावर पंपापाशी ‘टक’ असा आवाज यायला हवा. नाही आला तर आधी त्याची वायर आणि फ्यूज बघा. पांढरट धूर येतोय पण गाडी पकडत नाही, असं असेल तर डिझेल पोचतंय, जळत मात्र नाही. मग बॅटरी कमजोर असल्याने इंजिन हळू फिरतंय का, सिलिंडरमधली हवा तापवणारे हीटर प्लग असलेल्या गाडीत ते तापतायत का, आणि शेवटी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा नीट दाबली जातेय का, हे बघायचं. परभणीकडे डिसेंबर-जानेवारीत पारा एकअंकी होतो तेव्हा हीटरच्या तक्रारी एकदम वाढतात. उन्हाळाभर ते मेलेले असतात, कुणाला पत्ता नसतो.

ओढून बंद करायची दांडी असलेली गाडी असेल तर ती पूर्ण आत गेलीय का बघा. हसू नका. घनसावंगीकडून एक गाडी ट्रॅक्टरला बांधून आणली होती, दांडी अर्धवट बाहेर. मी पैसे घेतले नाहीत, मालकाने चहा पाजला.

एअर काढायची कशी? रस्त्यात मेस्त्री कुठून आणू?

हे प्रत्येक ड्रायव्हरला यायलाच पाहिजे. फिल्टरच्या डोक्यावर एक छोटा स्क्रू असतो, तो दोन आटे सैल करा. पंपाला लागून किंवा फिल्टरवर हाताने दाबायचा दट्ट्या असतो, तो मारत राहा. स्क्रूतून आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग सलग डिझेल. सलग धार लागली की दट्ट्या मारता मारताच स्क्रू आवळा. हात थांबवून आवळलं तर थोडी हवा परत आत जाते. नंतर पंपावरच्या स्क्रूपाशी तेच करा.

एवढ्यावर बहुतेक गाड्या चालू होतात. नाहीच झाली तर नोझलला जाणाऱ्या पाइपांचे नट थोडे सैल करून सेल मारा, डिझेल उडायला लागलं की एकेक आवळत या. त्या धारेपुढे हात किंवा तोंड नको, वर कापड धरा. सेल एका वेळी दहा-पंधरा सेकंदांवर मारू नका आणि मध्ये अर्धा-एक मिनिट थांबा. नाहीतर डिझेल येईल, पण स्टार्टर जळलेला असेल.

दट्ट्या कितीही मारला तरी काहीच येत नसेल, तर टाकीत डिझेल आहे का ते आधी काडी घालून बघा. जुन्या गाडीच्या काट्यावर विश्वास ठेवून किती जण माझ्याकडे आले, मोजलं नाही.

एअर काढली की गाडी मस्त पळते. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. रोज कोण काढणार?

म्हणजे हवा कुठूनतरी आत शिरतेय. गंमत अशी की डिझेल कुठेच गळताना दिसत नाही, म्हणून माणूस चक्रावतो. टाकीपासून फीड पंपापर्यंतची, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपापर्यंतची नळी ओढीची असते. तिच्यात चीर पडली तर गाडी चालू असताना डिझेल बाहेर येत नाही, उलट हवा आत ओढली जाते. गाडी उभी राहिली की त्याच चिरेतून हवा शिरते आणि नळीतलं डिझेल टाकीत उतरतं. म्हणून दिवसभर तक्रार नाही आणि सकाळी रडगाणं.

शोधायची सोपी रीत आहे. फीड पंपाच्या आधी वीतभर पारदर्शक नळी क्लिपने बसवा आणि गाडी चालू करून बघत बसा. बुडबुडे दिसले तर चूक टाकीच्या बाजूला, नाही दिसले तर फिल्टर आणि पुढे. मग एकेक जोड बघायचा. आपल्याकडच्या उन्हात रबरी नळ्या तीन-चार वर्षांत कडक होऊन क्लिपेखाली तडकतात. वरून साबूत दिसतात, वाकवल्या की चीर उघडते. दुसरा गुन्हेगार उंदीर. गाडी शेतात, कडब्याच्या गंजीशेजारी उभी राहत असेल तर खालून टॉर्च मारून बघाच.

तिसरं कारण म्हणजे तांब्याची वायसरं (वॉशर). फिल्टर बदलताना जुनीच परत लावली जातात आणि दाबून कडक झालेली वायसरं नीट बसत नाहीत. नवी मिळतातच. अगदी अडलं तर जुनं वायसर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका, तांबं पुन्हा मऊ होतं. फिल्टरचा रबरी रिंगही बघा. जुना रिंग वर चिकटून राहतो, त्यावर नवा बसवला की दोन रिंगांमधून हवा जाते. ही चूक शिकाऊ पोरं करतात. मीही केली आहे.

वीसेक किलोमीटर छान पळते, मग दम तोडते. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा जशीच्या तशी. कामून?

गाडी बंद पडल्या पडल्या उतरा आणि टाकीचं झाकण उघडा. ‘सुसू’ करून हवा आत गेली तर रोग सापडला. डिझेल वापरलं जाईल तशी टाकीत हवा यायला हवी आणि झाकणातलं तिचं बारीक भोक धुळीने बुजलेलं आहे. टाकीत पोकळी होते, पंपाला डिझेल ओढता येत नाही. थोडं थांबलं की हवा कशीबशी शिरते आणि गाडी पुन्हा निघते. एकाने हरवलेल्या झाकणाच्या जागी प्लॅस्टिकची पिशवी सुतळीने गच्च बांधली होती आणि महिनाभर दर पंधरा-वीस किलोमीटरला थांबत होता.

झाकण ठीक असेल तर टाकीतल्या नळीच्या तोंडाची जाळी बघा. टाकीत चिंधीचा तुकडा, गंजाचे पापुद्रे, कॅनच्या बुचाचं रबर असलं काही तरंगत असतं. ते ओढीने जाळीवर चिकटतं आणि गाडी थांबली की सुटून पडतं. टाकी उतरवून धुण्याला पर्याय नाही.

फिल्टरखालून पाणी निघतं. डिझेलमध्ये पाणी येतं कुठून?

बऱ्याचदा आपल्याच घरून. डिझेल कॅनमध्ये आणायचं, कॅन गोठ्यात ठेवायचा, ट्रॅक्टरला आणि पिकअपला त्यातूनच घालायचं. त्यात पावसाचं पाणी, धूळ, सगळं आलं. दुसरं म्हणजे अर्ध्या टाकीने उभी असलेली गाडी. रात्री गार झाल्यावर टाकीतल्या हवेचा दमटपणा पत्र्यावर थेंब होऊन खाली उतरतो. पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने तळाशी बसतं. पावसाळ्यात टाकी शक्यतो भरलेली ठेवा.

फिल्टरखालचा किंवा पाणी वेगळं करणाऱ्या वाटीचा स्क्रू आठवड्यातून एकदा, सकाळी गाडी हलवण्याआधी उघडा. रात्रभरात पाणी खाली बसलेलं असतं. काचेच्या ग्लासात धरलं तर पाणी तळाशी वेगळं दिसतं. स्वच्छ डिझेल येईपर्यंत सोडा. पंप आणि नोझलच्या आतल्या भागांना डिझेलशिवाय दुसरं वंगण नाही. पाणी गेलं की ते घासतात आणि गंजतात, मग खर्च खरंच पंपावर येतो.

पेट्रोल पंपावरच भेसळीचं डिझेल मिळालं असा संशय आहे. काय करू?

तिथल्या तिथे दोन गोष्टी मागता येतात. एक, पाच लिटरच्या मापाने मोजून दाखवा. दोन, घनता मोजून दाखवा. ग्राहकाने मागितल्यास पंपाने त्या दाखवायच्या असतात. घनता मोजताना तापमानही बघतात आणि तक्त्यावरून १५ अंशांना किती होते ते काढतात. मे महिन्यात डिझेल फुगलेलं असतं, म्हणून काचेवरचा आकडा तसाच धरू नका. १५ अंशांवरचा आकडा पंपाच्या नोंदीतल्या आकड्यापासून दर घनमीटरला ३ किलोच्या आत असायला हवा.

बिल मात्र घ्या. बिलाशिवाय तक्रार म्हणजे नुसती बाचाबाची. आणि खरं सांगायचं तर ‘भेसळ आहे’ म्हणून आलेल्या गाड्यांमध्ये वर्षभर न बदललेला फिल्टरच जास्त सापडतो.

रॉकेल मिसळलं तर गाडी हलकी पळते म्हणतात. आणि रस्त्याकडेला स्वस्त ‘बायोडिझेल’ मिळतं, ते?

रॉकेलात डिझेलइतका तेलकटपणा नाही. पंपाचे आतले भाग कोरडे घासले जातात. वाचलेले पैसे पंप-नोझलच्या दुकानात जाऊन भरावे लागतात. रस्त्याकडेच्या टाकीतलं ‘बायोडिझेल’ काय असतं ते विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. त्यातल्या काहींनी फिल्टरचा चोथा आणि नळ्यांचं रबर फुगलेलं मी हाताने काढलं आहे.

पोराने चुकून पेट्रोल भरलं.

चावी लावू नका. टाकी रिकामी करा, फिल्टर रिकामा करून बदला, डिझेल भरा, एअर काढा. चालवून झाली असेल तर लगेच थांबवा आणि हेच करा.

धुराच्या रंगावरून काय समजायचं?

काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. आधी एअर फिल्टर काढून उन्हाकडे धरा. उजेड दिसत नसेल तर पुढचं बोलायलाच नको. मुरमाच्या आणि काळ्या मातीच्या रस्त्यावर कंपनीच्या पुस्तकातली मुदत धरून चालत नाही, तिच्या निम्म्यात बघा. तेलाची वाटी असलेला जुना एअर क्लीनर असेल तर वाटीत तेल आहे की चिखल, तेही बघा. टर्बो असेल तर त्याच्या रबरी पाइपाला चीर आहे का बघा. त्यानंतर नोझल.

निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय: रिंगा, व्हॉल्व्हचे सील किंवा टर्बोचा सील. पांढरा धूर गाडी गार असताना थोडा वेळ येऊन थांबला तर काळजी नाही. गरम झाल्यावरही येत राहिला, डोळ्यांना झोंबला, तर डिझेल अर्धवट जळतंय. झोंबत नाही, नुसती वाफ आहे आणि रेडिएटरचं पाणी कमी होतंय, तर हेड गॅसकेटकडे बघावं लागेल.

गाडी थरथरते, मिसिंग मारते. कोणता सिलिंडर ते कसं कळणार?

गाडी संथ चालू ठेवा आणि नोझलच्या पाइपाचा एक नट कापड धरून किंचित सैल करा. आवाज बदलला, गाडी आणखी थरथरली, तर तो सिलिंडर काम करतोय. नट आवळा, पुढच्याकडे जा. ज्याचा नट सैल करूनही काही फरक पडत नाही, तोच झोपलेला. त्याचं नोझल शेजारच्याशी अदलाबदल करा. दोष नोझलसोबत सरकला तर नोझल, तिथेच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा कॉम्प्रेशन. छोट्या हत्तीला दोनच सिलिंडर, ७०२ सीसीचं इंजिन. त्यातला एक झोपला तर तुम्हाला चाचणीची गरज पडणार नाही, मणकाच सांगेल.

ही चाचणी कॉमन रेल, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या जास्त दाबाच्या पद्धतीच्या गाडीवर कधीही करू नका. तिथे दाब हजार बारच्या वर असतो, डिझेलची बारीक धार कातडीतून आत घुसते आणि बोट कापायची वेळ येते.

गार असताना अर्ध्या सेलला चालू. गरम करून चहाला थांबलो की चालूच होत नाही.

फिरत्या पद्धतीचा पंप झिजला की असं होतं. गरम डिझेल पातळ होतं आणि पंपाच्या आतल्या फटींतून निसटतं, सेलच्या वेगाला दाबच तयार होत नाही. पंपावर ओलं फडकं ठेवा, दहा मिनिटं थांबा. त्यानंतर पटकन चालू झाली तर पंपाचं काम निघालं आहे. तापलेल्या पंपावर बादलीभर गार पाणी ओतायचा प्रकार लोक करतात, तो करू नका. आतले भाग अडकतात. म्हणजे कधीकधी पंप खरंच गेलेला असतो, हेही मान्य.

मांजरसुंब्याच्या घाटात काटा लाल होतो. सपाटीला काही नाही.

पुढची जाळी काढून रेडिएटर बघा. कापसाच्या आणि सोयाबीनच्या हंगामात त्याच्या पापुद्र्यांत रुई आणि भुसा जाऊन बसतो, वरून धूळ, की झाली गादी तयार. इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला पाणी मारा, बेताच्या जोराने. प्रेशर वॉशर जवळून मारला तर पापुद्रे वाकतात. फॅनचा पट्टा सैल आहे का, पाण्याचे पाइप आत ओढून चपटे होतायत का, तेही बघा.

दुसरं कारण आतलं. आपल्या बोअरचं पाणी क्षाराचं. घरच्या चहाच्या भांड्यात जो पांढरा थर बसतो तोच रेडिएटरच्या नळ्यांत आणि इंजिनाच्या पोटात बसतो. कूलंट घाला, मिसळायला बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी वापरा. ‘उन्हाळा आहे, गोठतंय काय’ म्हणून लोक कूलंट टाळतात. कूलंट गंज रोखतं आणि उकळायचा बिंदू वर नेतं, तेच आपल्याला हवंय. गरम असताना झाकण उघडू नका. भाजलेले हात मी पाहिलेत.

आता थर्मोस्टॅट. ‘गरम होते? थर्मोस्टॅट काढून फेका’ हा सल्ला बीडपासून नांदेडपर्यंत ऐकू येतो. काढल्यावर इंजिन गार राहतं, खरं आहे. पण मग ते पुरतं तापतच नाही. हिवाळ्यात सकाळी डिझेल जास्त पितं, ऑइलमध्ये चिकटा होतो, सिलिंडर लवकर झिजतात. अडकलेला असेल तर नवा बसवा. उकळत्या पाण्याच्या पातेल्यात टाकून उघडतो का बघता येतं. पातेलं मात्र स्वयंपाकघरातलं घेऊ नका.

ऑइलची पातळी वाढतेय. चांगलंच ना?

नाही. एकतर डिझेल उतरतंय, नाहीतर पाणी. काडीवरचं ऑइल पातळ आणि डिझेलच्या वासाचं असेल तर फीड पंपाचा पडदा, पंपाचा सील किंवा टपकणारं नोझल बघा. दह्यासारखं पांढुरकं असेल तर पाणी. दोन्हीत गाडी चालवू नका, बेअरिंगा जातील.

चावी काढली तरी इंजिन बंद होईना, उलट सुसाट पळायला लागलं!

बंद करायची दांडी ओढा. तरीही पळत असेल तर इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन चाललंय, बहुतेक टर्बोचा सील गेला किंवा ऑइल फार जास्त भरलं. वरचा गिअर टाका, ब्रेक पूर्ण दाबून धरा आणि क्लच सोडा, इंजिन दबून बंद पडेल. हवेच्या नळीच्या तोंडाशी हात नेऊ नका.

फरशी पुलावरच्या पाण्यात गाडी बंद पडली. सेल मारू?

अजिबात नाही. हवेच्या नळीतून सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलून बाहेर काढा, एअर फिल्टर ओला आहे का बघा. ओला असेल तर नोझल काढून, हाताने इंजिन फिरवून पाणी बाहेर काढायचं, मग सेल. ऑइलही बघा. आणि पुलावरून पाणी वाहत असेल तर मुळात गाडी घालायचीच कशाला?

टाकी झिरपतेय. वेल्डिंग करून घेऊ?

घरी पोचेपर्यंत कपडे धुण्याच्या साबणाची वडी चिरेवर घासून भरा, डिझेल थांबतं. वेल्डिंग मात्र टाकी उतरवून, आतून नीट धुऊन, जाणकाराकडूनच. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीतल्या वाफेनेही स्फोट होतो.

हाफ इंजिन करू की फुल? मेस्त्री दोन सांगतात दोन तऱ्हेचं.

हाफ म्हणजे रिंगा-लायनरपर्यंतचं काम, फुल म्हणजे क्रँकसकट. खोलण्याआधी कॉम्प्रेशन मोजून मागा, प्रत्येक सिलिंडरचा आकडा कागदावर. गरम इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढा. भकाभका धूर बाहेर येत असेल, म्हणजे बॅक मारत असेल, तर रिंगा-लायनर झिजलेत. गरम झाल्यावर ऑइलचा दाब पडतो, खालून ठकठक येते, तर क्रँकपर्यंत जावं लागेल, अर्ध्यावर भागणार नाही. नुसता काळा धूर आणि पिकअप कमी, एवढ्यावर कुणी इंजिन खोलायला निघालं तर गाडी परत घरी न्या.

पीयूसीला धूर जास्त दाखवतो.

बीएस-४ या प्रदूषण मानकाच्या आधीच्या डिझेल गाडीला मर्यादा ६५ हार्ट्रिज युनिटची (धूर मोजायचं एकक) आणि बीएस-४ ला ५० ची. तपासणीला गाडी गार घेऊन जाऊ नका. दहा-पंधरा किलोमीटर पळवून, एअर फिल्टर साफ करून जा. पासिंगही, म्हणजे आरटीओची फिटनेस तपासणी, लक्षात ठेवा: मालगाडीला आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी.

माझी २०१७ नंतरची आहे. हेच सगळं लागू का?

टाकी, झाकण, नळ्या, पाणी, फिल्टर, रेडिएटर, सगळं लागू. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आलं, तेव्हापासूनच्या बहुतेक पिकअपमध्ये कॉमन रेल आहे. तिथे पाना लावण्याआधी स्कॅनर लावा. आणि अशा गाडीत डिझेल संपू देऊ नका.

गाडीत काय काय ठेवू?

एक डिझेल फिल्टर, हातभर नळी, चार क्लिपा, तांब्याची वायसरं, फॅनचा पट्टा, १० ते १७ चे पाने, टॉर्च, पाच लिटर पाणी, साबणाची वडी.

फोनवर आवाज ऐकवला तर सांगाल का?

ऐकवा. पण आधी गाणी बंद करा, आणि फिल्टर शेवटचा कधी बदलला ते सांगा. ‘आत्ताच, मागच्या दिवाळीला’ हे उत्तर चालणार नाही.